इंग्रजीच्या चुका काढणाऱ्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेते, त्याआधी बरीच वर्षं प्रूफं तपासलीत, त्यामुळे चूक दिसली की माझं बोट आपोआप तिथे जातं आणि तीच चूक कोणी चारचौघांत काढली की समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही रोज बघते. वर्गात, नातेवाइकांत, सोसायटीत सगळे मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

'ग्रामर पोलीस' म्हणजे नक्की कोण?

ज्यांचं ते काम नाही आणि ज्यांना कोणी विचारलेलं नाही, तरी जे दुसऱ्याच्या इंग्रजीतली चूक सगळ्यांसमोर दाखवतात ते. कोणी हॉस्पिटलमधल्या भावाबद्दल लिहितंय आणि खाली कॉमेंट काय, तर 'युअर'चं स्पेलिंग चुकलंय. शिक्षक, प्रूफरीडर, संपादक यांना मी यात धरत नाही, त्यांच्याकडे माणूस स्वतःहून मजकूर घेऊन येतो. इंग्रजीत यांना 'ग्रामर नाझी' पण म्हणतात, तो शब्द मी वापरत नाही, स्पेलिंग दुरुस्त करणाऱ्याला नाझी म्हणणं म्हणजे नाझींनी जे केलं ते फारच हलकं करून टाकणं आहे.

हे सगळं सोशल मीडिया आल्यापासून सुरू झालं का?

नाही हो, फार जुनं आहे. मोबाइलमुळे फक्त वेग वाढला आणि बघणारे वाढले.

१६७२ मध्ये जॉन ड्रायडन या कवीने बेन जॉन्सनसारख्या नाटककाराची वाक्यं घेऊन त्यात प्रिपोझिशन (म्हणजे 'इन', 'ऑन', 'फ्रॉम'सारखा शब्द) शेवटी येतं म्हणून नावं ठेवली, आणि जॉन्सन तेव्हा जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. मग १७६२ साली रॉबर्ट लौथ या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरणाचं छोटं पुस्तक काढलं आणि तळटीपांमध्ये शेक्सपिअर, मिल्टन, एवढंच काय बायबलच्या भाषांतरातल्या पण चुका काढल्या. १७९५ मध्ये लिंडली मरे यांनी यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं, ते तर पुढे कितीतरी वर्षं इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत चालत राहिलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या काळात इंग्लंडमध्ये व्यापारातून पैसा आलेला नवीन मध्यमवर्ग वर येत होता, त्यांना वरच्या लोकांत उठबस करायची होती आणि आपण बोलताना कुठे उघडे पडतो याची धास्ती होती, तेव्हा ही पुस्तकं त्यांनी धडाधड विकत घेतली. म्हणजे 'बरोबर इंग्रजी' हा पहिल्यापासूनच माणसाची पायरी ओळखायचा मार्ग होता, आणि ज्याने स्वतः घासून घासून ती पायरी चढलीय तोच मागून येणाऱ्याचं स्पेलिंग सगळ्यात बारकाईने बघतो. आपल्याकडे इंग्रजीचं जे झालं ते मला हे वाचल्यापासून जास्त कळायला लागलं.

अपॉस्ट्रॉफीवरून तिकडचे लोक एवढे का चिडतात?

अपॉस्ट्रॉफी म्हणजे अक्षराच्या डोक्याशी लटकणारा तो छोटा स्वल्पविराम. तो दोन कामं करतो, गाळलेल्या अक्षराची जागा दाखवतो आणि 'चा, ची, चे' दाखवतो. गडबड अशी की 'इट्स' दोन आहेत, अपॉस्ट्रॉफीवाला म्हणजे 'इट इज' आणि बिनअपॉस्ट्रॉफीचा म्हणजे 'त्याचा'. सगळीकडे मालकी दाखवायला अपॉस्ट्रॉफी लावा म्हणायचं आणि नेमका इथे लावू नका म्हणायचं, मग माणूस चुकणारच. त्यात बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे ही चूक कानाला कधी कळत नाही, फक्त डोळ्याला कळते.

इंग्लंडमध्ये भाजीवाले पाटीवर 'अ‍ॅपल्स' लिहिताना 'एस'च्या आधी अपॉस्ट्रॉफी टाकतात म्हणून त्या चुकीला नावच पडलंय, भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात जॉन रिचर्ड्स नावाचे निवृत्त पत्रकार होते, त्यांनी २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवण्यासाठी चक्क एक संस्था काढली, अपॉस्ट्रॉफी प्रोटेक्शन सोसायटी. त्यांची पद्धत मला आवडते, ते दुकानदाराला द्यायला एक नम्र चिठ्ठी तयार ठेवायचे, तुमच्यावर टीका करायची नाहीये, फक्त बरोबर कसं लिहितात ते सांगतोय अशा अर्थाची. २०१९ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी संस्था बंद केली आणि तेव्हा म्हणाले की अज्ञान आणि आळस जिंकले. नंतर दुसऱ्यांनी ती पुन्हा सुरू केली.

ब्रिस्टल शहरातला आणखी एक माणूस त्यांच्यापेक्षा वेगळा. तो रात्री बाहेर पडून दुकानांच्या पाट्यांवरचे चुकीचे अपॉस्ट्रॉफी झाकायचा आणि राहिलेले चिकटवायचा, उंच पाट्यांपर्यंत पोचायला त्याने लांब दांड्याचं एक अवजार बनवलं होतं. २०१७ मध्ये बीबीसीने त्याच्यावर रेडिओ कार्यक्रम केला, त्याचं नाव मात्र बाहेर आलं नाही. तो हे काम २००३ पासून करत होता आणि सुरुवात झाली ती पालिकेच्या पाटीवरच्या 'मंडेज टू फ्रायडेज'मधले जास्तीचे अपॉस्ट्रॉफी खरवडून.

पालिकांचा त्रास तिसराच. बर्मिंगहॅमने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर अपॉस्ट्रॉफी द्यायचाच नाही असं ठरवलं. नॉर्थ यॉर्कशरने २०२४ मध्ये तेच केलं, कारण काय तर पत्त्यांच्या कॉम्प्युटर डेटाबेसमध्ये अशी चिन्हं अडचण करतात. हॅरोगेट गावात 'सेंट मेरीज वॉक'ची नवीन पाटी बिनअपॉस्ट्रॉफीची लागली आणि कोणीतरी मार्कर घेऊन तिच्यावर अपॉस्ट्रॉफी परत लिहून ठेवला. लोकांचा इतका आरडाओरडा झाला की त्याच वर्षी काउन्सिलला निर्णय फिरवावा लागला. मला हे वाचून बरं वाटलं, खोटं का सांगू. गावाच्या नावावर माया असणाऱ्यांचं ते भांडण होतं, समोर सरकारी कारभार होता, एखादा गरीब पाटीवाला नव्हता.

चुकीची पाटी दिसली आणि आपणच दुरुस्त केली तर गुन्हा होतो का?

होऊ शकतो. अमेरिकेत झालाय.

२००८ मध्ये जेफ डेक आणि बेंजामिन हर्सन हे दोन तरुण गाडी घेऊन अमेरिकाभर फिरले, बरोबर मार्कर, खडू, व्हाइटनर असं सामान, आणि जिथे चूक दिसेल तिथे दुरुस्त करत सुटले. बऱ्याच ठिकाणी ते दुकानदाराला विचारून करायचे. पण मार्चमध्ये ग्रँड कॅन्यनला डेझर्ट व्ह्यू वॉचटॉवरमध्ये एक पाटी होती, तिच्यातला अपॉस्ट्रॉफी त्यांनी झाकून योग्य जागी टाकला आणि एक स्वल्पविराम वाढवला. ती पाटी मेरी कोल्टर यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती, साठ वर्षांहून जुनी, आणि कोल्टर म्हणजे तो वॉचटॉवर उभा करणाऱ्या आर्किटेक्ट. सरकारने त्या पाटीला ऐतिहासिक ठेवा मानलं होतं. दोघांना एक वर्षाचं प्रोबेशन, वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश बंद आणि पाटी पूर्ववत करायला ३,०३५ डॉलर भरायला लागले.

या प्रकरणातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच पाटीवर 'इमेन्स' या शब्दाचं स्पेलिंग पण चुकलेलं होतं, 'आय'ऐवजी 'ई'ने सुरू केलेलं, आणि ते त्यांनी तसंच सोडलं कारण तिथे हात घातला तर पाटी आणखी खराब दिसली असती. म्हणजे पाटी जपायची असते हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. तेवढं एक पाऊल पुढे जाऊन ही कोणी आणि कधी रंगवलीय असं काउंटरवर विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण नियम तो नियम ना? चूक ती चूकच!

थांबा, इथे मला सविस्तर बोलायचंय, कारण जास्तीत जास्त भांडणं ज्यावरून होतात त्यातल्या कितीतरी गोष्टी मुळात चुकाच नाहीत.

सुपरमार्केटच्या रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' असं लिहिलेलं असतं. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' नाही 'फ्यूअर' म्हणायचं, म्हणून इंग्लंडमध्ये लोकांनी तक्रारी करून करून दुकानांना हैराण केलं आणि २००८ मध्ये टेस्कोने पाटीच बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली. आता हा नियम आला कुठून तर १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने लिहिलं की इथे मला 'फ्यूअर' जास्त बरं वाटतं. त्याने नुसती आवड सांगितली होती. आणि त्याच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी आल्फ्रेड राजाच्या लिखाणात मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' आलेलं आहे.

प्रिपोझिशन वाक्याच्या शेवटी नको, हा नियम ड्रायडनच्या आवडीतून आला. लौथने त्यावर लिहिलं की ही आपल्या भाषेची ओढच आहे, आणि ते सांगणारं त्याचं वाक्य स्वतःच प्रिपोझिशनवर संपतं.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालायचा नाही, ज्याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात, तो नियम एकोणिसाव्या शतकात पसरला, १८६४ मध्ये हेन्री अल्फर्ड यांनी तो उचलून धरल्यावर तर जास्तच. त्याच्या कित्येक शतकं आधीपासून लोक तसं लिहीत आलेले आहेत.

एका माणसाला 'ही' किंवा 'शी' न म्हणता 'दे' म्हणणं ही आजकालची फॅशन आहे असं मला परवा एका काकांनी ठासून सांगितलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात त्याचं उदाहरण १३७५ चं आहे. शेक्सपिअर, जेन ऑस्टिन, सगळ्यांनी वापरलंय.

आता सगळ्यात वाईट उदाहरण. अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी बरेच जण 'आस्क'ला 'अ‍ॅक्स' म्हणतात आणि त्यावरून त्यांची इतकी टर उडवली जाते की काही विचारू नका, नोकरीच्या मुलाखतीत सुद्धा तो शब्द निघाला की समोरचा मनातल्या मनात फुली मारतो. हा उच्चार हजार वर्षं जुना आहे हो. चौदाव्या शतकातला कवी चॉसर, त्याच्या लिखाणात आहे. १५३५ मध्ये छापलेलं कव्हरडेलचं बायबल, पूर्ण छापलेलं पहिलं इंग्रजी बायबल, त्यात 'मागा म्हणजे तुम्हाला मिळेल' या वचनात 'अ‍ॅक्स' असंच छापलंय. मग हा उच्चार ज्यांच्या तोंडी राहिला ते लोक गरीब आणि काळे होते म्हणून तो अडाणी ठरला. तसंच 'ही बी वर्किंग', ऐकणाऱ्याला वाटतं याला 'इज' येत नाही, पण त्या बोलीत त्याचा अर्थ 'तो नेहमी कामाला असतो' असा आहे, 'आत्ता काम करतोय' याला वेगळी रचना आहे. शाळेच्या इंग्रजीत हा फरक करायला एक जास्तीचा शब्द घालावा लागतो.

म्हणून मी सांगते की एखाद्याचं काही काढायच्या आधी एक चांगला शब्दकोश उघडून बघा. निम्म्या वेळा आपल्याला शाळेत कोणीतरी सांगितलेलं असतं एवढंच निघतं.

म्हणजे काहीही लिहिलं तरी चालतं असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. मी प्रूफं तपासून पोट भरलंय. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीचं प्रकरण बघा, ट्रक ड्रायव्हर लोकांनी ओव्हरटाइमसाठी केस केली होती. कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही याची कायद्यात यादी होती आणि यादीच्या शेवटी 'शिपमेंटसाठी पॅकिंग किंवा वितरण' असं होतं. 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नाही, मग हे 'शिपमेंट किंवा वितरण यांसाठी पॅकिंग' असं एकच काम की 'पॅकिंग' आणि 'वितरण' अशी दोन कामं? ड्रायव्हर वितरण करतात, पॅकिंग करत नाहीत. २०१७ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की मजकूर संदिग्ध आहे, कौल ड्रायव्हरांच्या बाजूने गेला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. एका स्वल्पविरामासाठी!

कायदा, औषधाची चिठ्ठी, करारनामा, परीक्षेचा पेपर, नोकरीचा अर्ज इथे चूक काढलीच पाहिजे. बायोडेटा पाठवायच्या आधी माझ्या विद्यार्थ्यांचा मी शब्दन् शब्द तपासते, कारण तिथे चुकीची किंमत त्याला मोजावी लागणार असते.

जे सारखे चुका काढतात ते स्वभावाने कसे असतात?

सरसकट कोणाला नावं ठेवायची नाहीत मला, पण एक अभ्यास आहे. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांचा, २०१६ मध्ये आला. ८३ जणांना त्यांनी रूममेट हवा या जाहिरातीला आलेल्या ईमेल वाचायला दिल्या, काहींत टायपिंगच्या चुका, काहींत 'इट्स' किंवा 'टू'सारख्या व्याकरणाच्या, काही बिनचुकीच्या, आणि विचारलं की हा माणूस तुमच्यासोबत राहायला कसा वाटतो. जे अबोल, आपल्यातच राहणारे होते त्यांनी चुका करणाऱ्यांना कमी मार्क दिले, मनमोकळ्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. आणि जुळवून घ्यायचा स्वभाव ज्यांचा कमी होता त्यांना व्याकरणाच्या चुका जास्त खुपल्या. ८३ म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, तेव्हा यावरून घरातल्या कोणाला बोल लावू नका.

उलट उदाहरण पण आहे. विकिपीडियावर एका अमेरिकन माणसाने 'कम्प्राइज्ड ऑफ' ('मिळून बनलेलं' या अर्थाचा) हा एकच प्रयोग काढून टाकण्याचं व्रत घेतलं, २०१५ पर्यंत त्याच्या अशा दुरुस्त्या ४७ हजारांच्या घरात गेल्या होत्या. तो प्रयोग चूकच आहे असं मला वाटत नाही, शब्दकोशांत तो आहे. पण या माणसाने कोणाची टिंगल केली नाही, गुपचूप दुरुस्ती करायची आणि पुढच्या पानावर जायचं, आणि आपण असं का करतो त्याचं लांबलचक स्पष्टीकरणही लिहून ठेवलंय. भाषेवर प्रेम आहे म्हणून चुका दिसतात असं जे म्हणतात ना, ते त्याने म्हटलं तर मी मान्य करेन.

दुसऱ्याची चूक काढताना आपलीच चूक होते, असं का?

याला नाव आहे, मफ्रीचा नियम. ऑस्ट्रेलियातले संपादक जॉन बॅंगसंड यांनी १९९२ मध्ये मांडला, जे बिघडू शकतं ते बिघडतंच म्हणणाऱ्या 'मर्फी'च्या नियमातल्या नावाचं स्पेलिंग मुद्दाम उलटंपालटं करून. तुम्ही दुसऱ्याच्या लिखाणावर टीका लिहिलीत तर त्या टीकेत काहीतरी चूक असणारच. कारण साधं आहे, घाईत आणि तावात लिहिलेलं आपण परत वाचत नाही.

आपल्याकडे हे इतकं का लागतं?

कारण आपल्याकडे इंग्रजी ही नुसती भाषा कधी नव्हतीच. १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणावरून सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला, आणि शिकलेले कारकून तयार झाल्यावर त्याच साहेबांनी त्यांच्या इंग्रजीला 'बाबू इंग्लिश' म्हणून हसायला सुरुवात केली. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'बाबू' शब्दाखाली लिहिलंय की हा शब्द आता बऱ्याचदा इंग्रजी लिहिणारा देशी कारकून या अर्थाने आणि थोड्या हिणकस सुरात वापरतात. शिकायला लावणारे तेच आणि हसणारे पण तेच.

आता साहेब गेले, हसण्याचं काम आपण आपसांत वाटून घेतलं. २०२१ च्या जानेवारीत इस्लामाबादमधल्या एका कॅफेच्या दोन मालकिणींनी आपल्या मॅनेजरला कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत बोलायला लावलं, तो अडखळला तशा त्या हसल्या आणि नऊ वर्षं आमच्याकडे आहे, हे याचं सुंदर इंग्रजी, असं म्हणाल्या. तो व्हिडिओ पाकिस्तानभर पसरला, लोक भयंकर चिडले, आणि मी तो बघितला तेव्हा मला तो परक्या देशातला वाटलाच नाही.

कारण आमच्या सोसायटीत हेच घडलंय. बी विंगमध्ये एक काकू आहेत, पोळीभाजीचे डबे करतात, पहाटे चारला उठतात. ग्रुपवर कमिटीवाले इंग्रजीतच लिहितात म्हणून त्यांनी पण एकदा इंग्रजीत मेसेज टाकला, 'टुमारो वॉटर विल नॉट केम, ऑल प्लीज स्टोअर'. दोन मिनिटांत एकाने फुलीचं चिन्ह टाकून फक्त 'कम' एवढंच लिहिलं आणि पुढे हसणारी स्मायली, मग आणखी तिघांच्या स्मायल्या. पाणी येणार नाही हे सांगितल्याबद्दल थँक्यू कोणीच म्हटलं नाही, पण रात्री सगळ्यांनी बादल्या, पिंप, कळशा भरून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वापरल्या. त्यानंतर काकूंनी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही, आता फक्त हात जोडलेली खूण टाकतात. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "ताई, मला मराठीतच टाकायला हवं होतं ना?" मी तेव्हा ग्रुपवर होते, वाचत होते, आणि गप्प बसले. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

'प्रीपोन', 'मायसेल्फ सुनील', 'डू द नीडफुल' या चुका आहेत का?

एकेक वेगवेगळं आहे. 'प्रीपोन' हा अतिशय कामाचा शब्द आहे, 'पोस्टपोन'च्या उलट, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, बिनधास्त वापरा. 'डू द नीडफुल' हे इंग्रजांच्याच जुन्या पत्रव्यवहारातलं, त्यांच्याकडे मागे पडलं आणि आपल्या फायलींमध्ये राहिलं. 'मायसेल्फ सुनील' मात्र बाहेर विचित्र वाटतं, मुलाखतीला जाणाऱ्याला मी 'आय अ‍ॅम सुनील' म्हणायला सांगते.

घोटाळा होतो तो ज्या शब्दाचा अर्थ बदलतो तिथे. आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो, आपल्या मनात असतं की एक प्रश्न आहे, आणि अमेरिकेतल्या माणसाला ऐकू येतं की तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. 'पासआउट झालो' म्हटलं तर त्याला वाटतं चक्कर येऊन पडलास. हे सांगायलाच हवं, सहकाऱ्याला बाजूला घेऊन, कॉलच्या आधी.

मराठीत पण शुद्धलेखनवाले आहेतच की, त्यांचं काय?

आहेत, आणि तिथे तर जखम आणखी खोल जाते, कारण ती आईची भाषा असते. 'आनी', 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात तेव्हा खरं तर त्याचं गाव, त्याची जात, त्याचं घर यांना हसतात. आणि नियम म्हणाल तर तेही बदललेत. माझ्या आजोबांची पत्रं माझ्याकडे आहेत, प्रत्येक ओळीत 'कांहीं', 'नाहीं', 'केलें', डोक्यावर अनुस्वारांची नुसती रांग, आणि ते तेव्हाचं बिनचूक मराठी होतं. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबांनी शेवटपर्यंत जुन्या पद्धतीनेच लिहिलं, त्यांना कोणी अशुद्ध म्हटलं नाही कारण ते मास्तर होते.

मग चूक दिसली तर करायचं काय?

आधी बघा की ती खरंच चूक आहे का, मग बघा की त्यामुळे त्या माणसाचं काही नुकसान होणार आहे का. होणार असेल तर त्याला एकट्याला सांगा, पर्सनल मेसेज करा. नसेल तर सोडून द्या. दुकानाच्या पाटीवर चूक असेल तर गर्दी नसताना आत जाऊन सांगता येतं, दुकानदार बहुतेक वेळा म्हणतो की पेंटरने केलंय, पुढच्या वेळी बदलतो. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

वर्गात मी काय करते ते सांगते. सातपूरच्या एमआयडीसीत काम करणारे एक दादा येतात, शिफ्ट सुटली की तशीच बॅग घेऊन, हाताला अजून ऑइलचा वास असतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदा आपणहून उठून बोलले, "येस्टरडे आय गो टू बँक, मॅनेजर नॉट कम." पहिल्या बाकावरच्या एका मुलीने लगेच तोंड उघडलं, मी तिला हातानेच थांबवलं आणि दादांना विचारलं, "ओह, यू वेंट टू द बँक? अँड द मॅनेजर डिडन्ट कम?" तर ते म्हणाले, "येस मॅडम, आय वेंट, ही डिडन्ट कम, आय वेट टू अवर." 'वेंट' आलं, 'डिडन्ट' आलं, 'वेट' राहिलं, ते राहू दे. त्या दिवशी ते चार मिनिटं बोलले, बँकेतल्या रांगेबद्दल, पासबुकाबद्दल, साहेबाच्या बंद केबिनबद्दल. 'आय गो'वरच अडवलं असतं तर तिथेच खाली बसले असते आणि कदाचित वर्गच सोडला असता, सोडलेले मी पाहिलेत.

माझीच चूक कोणी सगळ्यांसमोर काढली तर?

"बरोबर आहे, थँक्यू" म्हणा आणि तुमचं बोलणं पूर्ण करा. बोलणं पूर्ण करणं जास्त महत्त्वाचं. मेसेज डिलीट करू नका. आणि ग्रुपवर दुसऱ्या कोणाचं असं झालं तर त्याच्या मूळ मुद्द्याला लगेच उत्तर द्या, "पाण्याचं सांगितलंत ते बरं झालं", एवढं एक वाक्य पुरतं. मी ते तेव्हा लिहायला हवं होतं.

माझा मुलगा इंग्लिश मीडियमला आहे, तो आता माझ्याच इंग्रजीला हसतो. काय करू?

हा प्रश्न मला आया सगळ्यात जास्त विचारतात, आणि बऱ्याच जणी हळू आवाजात विचारतात. एक ताई तर सांगत होत्या की मुलानेच सांगितलं, मीटिंगला बाबांना पाठव, तू मिसशी बोलू नकोस. आणि त्या खरंच दोन वर्षं शाळेत गेल्या नाहीत.

मुलावर ओरडू नका, तो हे शाळेतच शिकलाय, तिथे त्यालाही कोणीतरी असंच हसलेलं असतं. पण मीटिंगला जा. मिसशी मराठीत बोला, मुलाचा अभ्यास कसा आहे हे विचारायला इंग्रजी लागत नाही आणि मिसना मराठी कळतं. आणि घरी त्याला काम द्या, रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्याने तुम्हाला शिकवायचं, नियम दोनच, आई बोलत असताना मध्ये तोडायचं नाही आणि हसायचं नाही. त्या ताईंनी हे सुरू केलं. पहिला आठवडा मुलगा कंटाळला. मग एकदा तिने विचारलं की 'नाइफ'मध्ये 'के' कशाला घातलाय रे, बोलत तर कोणीच नाही, आणि त्याला उत्तर येईना. इंग्रज लोक पूर्वी तो 'के' खरंच उच्चारायचे, उच्चार गेला आणि अक्षर राहिलं, हे त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत विचारून आणलं आणि आईला समोर बसवून सांगितलं.